सरासरीत बुडालेले तालुके: माननीय राज्यपालांना खुले पत्र

माननीय राज्यपाल महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



हे पत्र अर्थमंत्र्यांना लिहायला हवे होते, असे कोणी म्हणेल. तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्याकडे, अर्थसंकल्प मांडणार ते. पण नंदुरबारच्या बाबतीत राज्यघटनेने दोन कामे थेट आपल्या नावावर लिहिली आहेत. पाचव्या अनुसूचीप्रमाणे अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल दरवर्षी राष्ट्रपतींना पाठवायचा तो राज्यपालांनी. अनुच्छेद ३७१(२) प्रमाणे विकासाच्या पैशाचे वाटप न्याय्य होते की नाही, हे पाहायची विशेष जबाबदारीही राज्यपालांवर सोपवता येते, आणि महाराष्ट्रात ती सोपवलेली होती. आमच्या जिल्ह्यातले अक्राणी (धडगाव), अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. शहादा आणि नंदुरबार तालुक्यांचाही काही भाग त्यात आहे. तेव्हा पत्त्यात चूक झालेली नाही.

महाराष्ट्राची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरची करायची, असे राज्याने ठरवले आहे. त्यासाठी आर्थिक सल्लागार परिषद नेमली गेली, 'मित्र' नावाची संस्था उभी राहिली, आराखडे झाले. आनंद आहे. पण राज्याचे निम्म्याहून अधिक उत्पन्न मुंबई, ठाणे, पुणे अशा मोजक्या जिल्ह्यांतून येते आणि दरडोई उत्पन्नाच्या यादीत नंदुरबार अगदी तळाला सापडतो. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या पुढे होती, आमची ६४ टक्क्यांच्या आसपास. राज्यात सर्वांत कमी. २०१२ च्या मानव विकास अहवालात जिल्हा शेवटचा. २०१८ मध्ये केंद्राने 'आकांक्षित जिल्हे' निवडले तेव्हा गडचिरोली, वाशीम आणि उस्मानाबादबरोबर आमचेही नाव आले. बहुआयामी दारिद्र्याच्या पहिल्या राष्ट्रीय मोजणीत जिल्ह्यातली निम्म्याहून अधिक माणसे गरीब निघाली. पुढच्या मोजणीत हे प्रमाण बरेच खाली आले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गॅस, शौचालय, बँक खाते, वीज या गोष्टी पोहोचल्या, त्याचा तो परिणाम आहे. मुलाचे वजन मात्र गॅसच्या शेगडीइतक्या सहज पोहोचवता येत नाही.

एवढे वाचून कोणाला वाटेल, सातपुड्यातला उजाड मुलूख, पिकत काही नसेल. तसे अजिबात नाही. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते, मधून तापी. सरदार सरोवराची वीजनिर्मितीची क्षमता १,४५० मेगावॉट; त्यातल्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. या धरणासाठी महाराष्ट्राची जी ३३ गावे बाधित ठरली, ती सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. नर्मदा लवादाने १९७९ मध्ये राज्याला पाव दशलक्ष एकर-फूट, म्हणजे सुमारे १०.८९ टीएमसी पाणी दिले. त्याचा पुरा उपयोग अजून जिल्ह्याच्या शेताला झालेला नाही. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज बांधले, पाणी अडले, आणि ते पाणी शेतात चढवणाऱ्या उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षे बंद पडून राहिल्या. शहाद्याची केळी आणि पपई ट्रक भरून बाहेर जाते. नवापूरची तूरडाळ नावाजलेली. धडगाव आणि अक्कलकुव्यातल्या मोलगीच्या डोंगरात मोह, चारोळी, आंबा. आणि नंदुरबार शहराभोवती मिरची.

मिरचीजवळ थोडे थांबतो, कारण या जिल्ह्याचा सगळा हिशेब तिथे उघड्यावर मांडलेला दिसतो. दिवाळीच्या आसपास ओली लाल मिरची बाजार समितीत यायला लागते. तिथून ती शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर जाते. पथारी म्हणजे मोकळी सपाट जमीन, एकरच्या एकर लाल. उन्हात मिरची पसरायची, उलटवायची, पुन्हा पसरायची. अवकाळी पाऊस आला की धावत जाऊन ढीग करायचे आणि ताडपत्री टाकायची. तोंडाला ओढणी गुंडाळून बायका दिवसभर देठ खुडतात. बोटांची आग रात्री भाकरी थापतानाही जात नाही, असे त्या सांगतात. वाळलेली मिरची मग पोत्यांत भरून देशभर रवाना होते. काही मसाला कारखाने इथेही आहेत, नाही असे नाही. पण बहुतेक माल दळला जातो, पुडीत भरला जातो आणि नाव लावून विकला जातो तो दुसरीकडे. देठ खुडण्याची मजुरी तेवढी इथे राहते.

आमचूरचे तेच. चैत्र-वैशाखात धडगावकडे घरोघरी कैऱ्या सोलायचे काम चालते. सोललेल्या फोडी खडकावर वाळत घालतात. फोड जितकी पांढरी तितका भाव चढा. ढग आले, फोड काळवंडली की भाव पडला. आठवडी बाजारात व्यापारी मूठभर हातात घेतो, दोन फोडी मोडून बघतो आणि भाव सांगतो. विकणाऱ्याला तो मान्य करावाच लागतो, कारण परतीच्या जीपचे भाडे त्यातूनच द्यायचे असते. मोहाची फुले उन्हाळ्यात स्वस्त जातात आणि पावसाळ्यात गरज पडली की तीच महाग घेऊन आणावी लागतात.

माल कच्चा जातो, याबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. प्रक्रिया उद्योग हवेत, शीतगृहे हवीत, औद्योगिक वसाहत वाढवा, हे सगळे दर निवडणुकीत ऐकू येते. माझे म्हणणे वेगळे आहे. नंदुरबारमधून माणूसही कच्चाच बाहेर जातो, आणि जोवर तो तसा जातो तोवर वरच्या सगळ्या योजनांचा लाभ दुसरा कोणीतरी घेईल. नवापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आले. विजेचा आणि सवलतींचा हिशेब करून सुरतेकडचे उद्योजक सीमा ओलांडून इकडे आले. चांगलेच झाले. पण त्या कारखान्यात हिशेबाच्या टेबलाशी कोण बसणार आणि झाडू कोणाच्या हाती येणार, हे कारखाना उघडायच्या पंधरा वर्षे आधी, अंगणवाडीत आणि दुसरीच्या वर्गात ठरून गेलेले असते.

दिवाळी झाली की अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा भागांतले पाडे रिकामे व्हायला लागतात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. घरात दाणा नसतो त्या दिवसांत घेतलेली ही रक्कम फेडायला कोयता उचलावा लागतो. टेम्पोत भांडी, गोधड्या, कोंबड्या, कधी एखादी शेळी, आणि मुले. बारडोली, मढी, चलथाणच्या बाजूला दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांची ऊसतोड असते. काही कुटुंबे सौराष्ट्रात शेतीवर सालभर राबायला जातात. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि मजुरी टनावर मिळते. हंगाम संपल्यावर उचल वजा करून हाती उरेल ते घ्यायचे. दोन माणसे मिळून एक अवजार म्हणून मोजली जातात, तिथे त्यांच्याबरोबर आलेले तिसरे, चौथे, पाचवे माणूस कुठल्याच रजिस्टरात नसते. ते पाचाटाच्या झोपडीजवळ धाकट्याला सांभाळत बसलेले असते.

आता पाड्यावरच्या अंगणवाडीत या. सेविकेकडे एक रंगीत पट्टी असते, ती मुलाच्या दंडाला गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की पट्टी लाल दाखवते आणि मूल 'सॅम'मध्ये जाते, म्हणजे अतितीव्र कुपोषित. मग ग्राम बाल विकास केंद्र, नाहीतर पोषण पुनर्वसन केंद्र. महिनाभर विशेष आहार, औषधे, वजन. सप्टेंबरमध्ये मुलाचे वजन वाढते, सेविका समाधानाने नोंद करते. नोव्हेंबरमध्ये नावापुढे शेरा पडतो: स्थलांतरित. एप्रिल-मेमध्ये मूल परत येते तेव्हा पट्टी पुन्हा लाल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या जिल्ह्यातली पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. राज्यात हे प्रमाण ३६ टक्के होते. ही पाहणी जिल्ह्याच्या खाली उतरत नाही. धडगावच्या डोंगरात हा आकडा किती असेल, हे त्यात कुठेच नाही.

अमृत आहार योजना २०१५ पासून सुरू आहे. गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसातून एकदा चौरस, गरम जेवण, ही कल्पना मला मनापासून आवडते. पण ते ताट पाड्यावरच्या अंगणवाडीत वाढले जाते. सातव्या महिन्यात ऊस तोडायला गेलेल्या बाईचे ताट कुठे? ती महाराष्ट्राची नागरिक आहे, गुजरातच्या कारखान्याची मजूर आहे आणि मुकादमाची देणेकरी आहे. जेवण देण्याची जबाबदारी या तिघांपैकी कोणाचीच नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्येच कायदा झाला होता. आता तो श्रमसंहितेत सामावला आहे. नंदुरबारच्या कोयत्याला त्याने काय दिले, हे विचारायला कोणा समितीची गरज नाही; मे महिन्यात परतलेल्या कोणत्याही कुटुंबाला विचारावे.

जाता जाता एक गोष्ट. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. पंतप्रधान आले होते. बारा आकड्यांत माणूस ओळखायची सुरुवात आमच्यापासून झाली. त्यानंतर इतकी वर्षे गेली, तरी अक्कलकुव्याचे मूल बारडोलीत गेले की तिथल्या अंगणवाडीत त्याची थाळी आपोआप लागते, असे होत नाही. मोबाईलवर स्थलांतराची नोंद करायची सोय झाली आहे. नोंदीच्या मागून जेवण जायचे राहिले आहे.

शाळेविषयी लिहायचे तर आश्रमशाळांबद्दल तक्रारींचा पाढा वाचता येईल. तो आपल्यापर्यंत पुष्कळदा आला असेल. मी एकच उदाहरण देतो, आणि ते यशाचे आहे. डॉ. राजेंद्र भारूड हे शेजारच्या साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे, भिल्ल समाजातले. वडील नव्हते, आई मोहाची दारू विकून घर चालवायची, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. सहावीपासून ते अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकले, मुंबईत डॉक्टर झाले, पुढे भारतीय प्रशासकीय सेवेत गेले आणि नंदुरबारचेच जिल्हाधिकारी होऊन आले. २०२० च्या सप्टेंबरात, करोनाची पहिली लाट ओसरू लागली होती तेव्हा, त्यांनी जिल्ह्यात प्राणवायूचे प्रकल्प उभारायला घेतले. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठी शहरे प्राणवायूसाठी तळमळत होती, तेव्हा शेवटच्या क्रमांकाच्या या जिल्ह्याकडे देशाने कौतुकाने पाहिले.

ही कथा सांगून लोक बहुधा 'जिद्द असेल तर काय होत नाही' असे म्हणतात आणि टाळ्या वाजवून उठतात. मला त्यातले गणित दिसते. एका नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळतो जास्तीत जास्त ८० मुलांना. परीक्षा घेऊन, ८०. त्या शाळेत पोटभर जेवण, राहायची सोय, विषयाचे शिक्षक आणि ग्रंथालय असते. एवढ्यावर एका पिढीत मोहाच्या भट्टीपासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत मजल जाते. मग आदिवासी विकास विभागाच्या नंदुरबार आणि तळोदा या दोन प्रकल्प कार्यालयांखाली शिकणाऱ्या बाकीच्या हजारो मुलांना तेवढेच का मिळू नये? पावरी, भिली, मावची बोलणारे मूल पहिलीत येते, बाई मराठीत बोलतात, आणि पहिली दोन वर्षे ते नुसते चेहरे बघत बसते. त्याच्या बोलीत सुरुवात करून देणारा शिक्षक पाड्यावरचाच नेमायचा, तर लागणारा पैसा एखाद्या उड्डाणपुलाच्या तुलनेत किरकोळ आहे. नर्मदेच्या काठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाणला नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा काढल्या, त्या याच विचाराने. धरणाविषयी आंदोलनाशी कोणाचे कितीही मतभेद असोत, गावच्या तरुणाला गुरुजी करण्याची ही पद्धत सरकारने उचलायला हरकत नव्हती.

जगातही दाखले आहेत. बोत्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अत्यंत गरीब देशांत गणला जात होता. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. ती जमीन पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीच्या मुलखातली. तरीही खनिजाचा हक्क त्यांनी साऱ्या देशाच्या नावे करवून घेतला आणि हिऱ्यांच्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते केले. विषमता तिथे आजही मोठी आहे, एड्सनेही तो देश होरपळला. स्वर्ग नव्हे तो. पण ज्या जमातीने आपल्या जमिनीवरचा हक्क देशाला दिला, तिच्या मुलांच्या वाट्याला शाळा तरी आली. अक्राणीच्या माणसाने नदी देशाला दिली. त्याच्या गावातून आजही बाळंतीण बांबूच्या झोळीत घालून उतरवावी लागते, आणि पाण्याकाठच्या पाड्यांना रुग्णवाहिका म्हणून बोट लागते.

इथे आपल्याकडून काय व्हावे, ते सांगतो.

२०१५ मध्ये खाणकायद्यात बदल झाला आणि खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणीच्या रॉयल्टीच्या ठरावीक टक्क्यांइतकी रक्कम त्याच भागातल्या आरोग्यावर, शिक्षणावर, पाण्यावर खर्च करायची. केंद्राच्या २००८ च्या जलविद्युत धोरणातही नव्या प्रकल्पांमधली एक टक्का वीज स्थानिक विकास निधीसाठी राखायची तरतूद झाली. सरदार सरोवर त्याआधीचे, म्हणून अक्राणीला यातले काही लागू नाही. पण महाराष्ट्राच्या पदरात पडणारी २७ टक्के वीज तर राज्याचीच आहे. त्या विजेच्या किमतीतला ठरावीक हिस्सा दरवर्षी अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतली मुले आणि माता यांच्यासाठी बाजूला काढायला दिल्लीची परवानगी लागत नाही. हा निधी ग्रामसभांच्या देखरेखीखाली खर्च व्हावा आणि वर्षअखेर शिल्लक राहिला तर परत जाऊ नये. आदिवासी उपयोजनेतले पाच टक्के २०१५ पासून पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळू लागले, त्यात राजभवनाचा पुढाकार होता. त्यामुळे हे अशक्य आहे, असे कोणी आपल्याला सांगितले तर पटू देऊ नये.

ऊसतोडीच्या हंगामासाठी महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात लेखी करार हवा. तोडीच्या तळावर अंगणवाडी, नंदुरबारच्या मुलांची नावे तिथल्या पटावर, गरोदर बाईची तपासणी, आणि खर्चाची वाटणी ठरलेली. नर्मदेच्या पाण्याची आणि विजेची वाटणी ही राज्ये दशांश चिन्हापर्यंत करू शकतात, तर काही हजार मुलांच्या दुपारच्या जेवणाची वाटणीही करू शकतील. गावात हंगामी वसतिगृहे आहेत, ती दिवाळीपूर्वी सुरू झाली तरच उपयोगी. टेम्पो निघून गेल्यावर मंजुरी येऊन काय फायदा?

आणि शेवटची मागणी मोजणीची. प्रादेशिक विकासाच्या हिशेबात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन रकाने पाडले गेले. नंदुरबार तिसऱ्यात, म्हणजे मुंबई-पुण्याच्या रकान्यात. प्रादेशिक अनुशेष मोजणाऱ्या १९८४ च्या दांडेकर समितीपासून अनुशेषाचे राजकारण झाले ते विभागांच्या नावाने. विदर्भाला आवाज होता, मराठवाड्याला होता, आमच्या बाजूने ओरडायला आमचा असा विभागच नव्हता. १ जुलै १९९८ पूर्वी आम्ही धुळ्याच्या सरासरीत होतो, नंतर स्वतःच्या. शहाद्याच्या बागायतीची आणि धडगावच्या उताराची सरासरी काढली की दोन्हींपैकी कोणाचेच चित्र उरत नाही. या विभागांसाठी नेमलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा ठराव केला. मंडळे पुन्हा येवोत न येवोत, पाचव्या अनुसूचीतला आपला अहवाल कोणाच्या मुदतीवर अवलंबून नाही.

म्हणून विनंती अशी की, आपला पुढचा वार्षिक अहवाल राष्ट्रपतींकडे जाण्यापूर्वी त्यात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांसाठी स्वतंत्र पाने असावीत. कमी वजनाची मुले किती, हंगामात किती बाहेर गेली, त्यांपैकी किती परत शाळेत बसली, दहावीपर्यंत किती पोहोचली, आणि त्या वर्षी या तालुक्यांच्या वाट्याला आलेल्या पैशातला किती खर्च झाला, हे सगळे त्यांत असावे. आणि ती पाने मराठीत जाहीर करून या दोन्ही तालुक्यांच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावायची व्यवस्था आपण करावी.

आपला नम्र,
नंदुरबार जिल्ह्यातील एक नागरिक